सतरा नंबरचं शिल्प

शहरभर विखुरलेली चोवीस शिल्पं एका दिवसात पायी फिरून बघायची, ही कल्पना बायकोची. मी ‘हो’ म्हणालो तेव्हा पेपर वाचत होतो. ती पंखा बंद करू का विचारतेय, असं मला वाटलं होतं.

नकाशा फोनमध्ये होता. त्यावर चोवीस लाल ठिपके आणि त्यांच्यात भरकटलेला एक निळा ठिपका, म्हणजे आम्ही. लाल ठिपक्यांबद्दल माझी तक्रार नाही, ते बिचारे जागचे हलत नव्हते. निळा मात्र उंच इमारतींमध्ये शिरला की अंगात आल्यासारखा करायचा. उपग्रहाचा सिग्नल भिंतींवर आपटून उसळत येतो, म्हणून फोन गोंधळतो, असं लेकीने सांगितलं. ती दहा वर्षांची आहे आणि तिला सगळं माहीत असतं. त्या ठिपक्याचं ऐकायचं तर आम्ही दोनदा नदीच्या मधोमध उभे होतो.

पहिलं शिल्प सापडायला पस्तीस मिनिटं लागली आणि बघून चाळीस सेकंदांत झालं. पुढे दिवसभर साधारण हाच भाव टिकला. कारण आपण शोधतो ते भव्य काहीतरी, आणि निघतं गुडघ्याएवढं. कोपनहेगनची ती जगप्रसिद्ध जलपरी तरी केवढी? जेमतेम सव्वा मीटर. पोलंडमधल्या व्रोत्स्वाफ शहरात तर ब्राँझचे शेकडो बुटके भिंतींच्या कडेला, खिडक्यांच्या खाली बसवलेत. तिथे लोक म्हणे माना खाली घालूनच फिरतात. इथे निदान मान वर ठेवून हरवता येत होतं.

तिसरं शिल्प म्हणजे लोखंडाची एक उभी, वाकडी भिंत. नखशिखांत गंजलेली. ‘एवढा खर्च केला, रंगाला पैसे उरले नाहीत वाटतं,’ असं मी म्हणालो आणि आजूबाजूच्या चार माणसांनी माझ्याकडे बघितलं.

‘अहो, ते कॉर्टेन स्टील आहे,’ बायको दबक्या आवाजात म्हणाली. ‘त्याच्यावर गंजाचा थर घट्ट बसतो आणि तोच आतलं लोखंड सांभाळतो. मुद्दाम असतं ते.’

आमच्या गॅलरीची जाळी मी गेल्याच महिन्यात घासून रंगवली होती. तेव्हा हे ज्ञान कुठे होतं, असं मी विचारलं नाही.

पण ती भिंत चौकाच्या बरोबर मध्ये आडवी होती आणि पलीकडे जायला आम्हाला वळसा पडला. तेवढ्यापुरती मला न्यू यॉर्कच्या कारकुनांची आठवण झाली. तिथे 1981 साली रिचर्ड सेराने सरकारी कचेऱ्यांपुढच्या चौकात अशीच एक पोलादी भिंत उभी केली होती, छत्तीस मीटर लांब आणि माणसाच्या दुप्पट उंच. कचेरीत जायचं तर रोज तिला वळसा. आठ वर्षं भांडणं झाली, कोर्ट झालं आणि 1989 मध्ये एका रात्री ती कापून उचलून नेली. कलेच्या इतिहासात हा अन्याय म्हणून नोंदला गेलाय. माझी मतं त्या दिवशी माझ्या टाचा ठरवत होत्या.

खरी फजिती नऊ नंबरला झाली. इमारतीच्या कडेला करड्या रंगाचा एक चौकोनी ठोकळा होता, अंगावर आडव्या पट्ट्या आणि आतून येणारी बारीक गुणगुण. मी थबकलो. शहराच्या पोटातली अस्वस्थता असं काहीतरी मला त्यात दिसायला लागलं. मी लेकीला समजावूनही सांगितलं: हे बघ, या फटी म्हणजे न बोललेले शब्द. तीन बाजूंनी फोटो काढले. चौथ्या बाजूला गेलो, तेव्हा एका माणसाने त्याचं दार उघडलं, आतला फिल्टर काढला आणि झटकला.

‘लंडनमध्ये आहे असं,’ बायको सावरून घेत म्हणाली. ‘पॅटर्नॉस्टर स्क्वेअरमधलं हेदरविकचं शिल्प खरोखरच वीज उपकेंद्राची हवा बाहेर सोडतं.’

‘पण बाबा, हे नुसतंच हवा सोडतंय,’ लेक म्हणाली.

त्यानंतर माझा कशावरच विश्वास राहिला नाही. रस्ता खणलेल्या ठिकाणचे पाइप, उलटी टाकलेली ढकलगाडी, सगळ्याकडे मी संशयाने बघत होतो. ‘हे काय आहे?’ हा प्रश्न मोठ्याने विचारायचा नसतो, एवढं मात्र शिकलो. शिकागोत पिकासोचं पंधरा मीटर उंच शिल्प 1967 पासून उभं आहे. त्याला त्याने नाव दिलं नाही, काय आहे तेही सांगितलं नाही. कुणाला त्यात बाई दिसते, कुणाला कुत्रा, कुणाला माकड. पोरं त्याच्या उतारावरून घसरगुंडी करतात. माझ्या मते त्यांना कळलंय.

या सगळ्यात बायको फोटो काढत होती, पण पाट्यांचे. शिल्पाचं नाव, साल, माध्यम. ‘घरी गेल्यावर नीट वाचता येईल,’ असं तिचं म्हणणं. पाटी स्पष्ट यावी म्हणून ती इतकी वाकायची की वरचं शिल्प कमरेपासून कापलं जायचं. त्या दिवसाच्या आमच्या संग्रहात सोळा पाट्या आणि बत्तीसेक पाय आहेत.

सतरा नंबरला चौथरा होता, पाटी होती, शिल्प नव्हतं. दुरुस्तीला नेलेलं. पाटीवर नाव होतं: ‘प्रतीक्षा’.

‘ट्रफाल्गर चौकातला चौथा चौथरा असाच दीडशे वर्षं रिकामा होता,’ बायको म्हणाली. ‘राजाचा घोडेस्वार पुतळा बसवायचा होता, पैसेच संपले. मग 2009 मध्ये अँटनी गॉर्मलीने तिथे माणसंच चढवली. शंभर दिवस, दोन हजार चारशे माणसं, प्रत्येकाला एक तास.’

एक तास! मी चौथऱ्याकडे बघितलं. चांगला गुडघाभर उंच, गार, सावलीतला.

मायलेकी अठरा नंबर शोधायला गेल्या. मी बसलो, डावा बूट काढला, तो मांडीवर धरला आणि हनुवटी हातावर टेकवून जरा डोळे मिटले. उघडले तेव्हा समोर सात-आठ माणसं अर्धवर्तुळात उभी होती. एक बाई पाटी वाचत होत्या. ‘प्रतीक्षा,’ त्या हळूच म्हणाल्या आणि सगळ्यांनी माझ्या बुटाकडे बघून माना डोलावल्या. आता उठणं बरं दिसलं नसतं. मी श्वास रोखला. लोकांनी हात लावून लावून ब्राँझच्या पुतळ्यांची नाकं आणि अंगठे चकचकीत झालेले सकाळपासून बघितले होते, त्यामुळे एक छोटा मुलगा बोट पुढे करून माझ्या मोज्याकडे निघाला तेव्हा पुढचं काय ते मला कळलं.

‘आई, हे गरम आहे!’

गर्दी पांगली. लेक समोर उभी होती, हातात पेन्सिल आणि यादी. तिने सतरावर टिक केली.

बायकोने फोटो काढलाय. पाटी अगदी स्पष्ट आली आहे. वर माझा एक मोजा.