‘शेतकरी कर भरत नाही’ या दाव्याला उत्तर

आमच्या यवतमाळकडच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर सध्या एक मजकूर फिरतो आहे: मोजके पगारदार आयकर भरतात, शेतकरी एक पैसाही देत नाही, शेतीला आयकर लावा, बाजार जगाला खुला करा, म्हणजे करव्यवस्था सुधारेल. गावातलीच, नोकरीला लागलेली मुले तो पुढे पाठवतात, म्हणून सविस्तर उत्तर देणे मला आवश्यक वाटते.

‘एक पैसाही नाही’ हे विधान कृषी केंद्राच्या, म्हणजे खते-औषधांच्या दुकानाच्या, बिलापुढे टिकत नाही. कापसावरच्या बोंडअळीसाठी घेतलेल्या हजार रुपयांच्या औषधावर 90 रुपये केंद्राचा आणि 90 रुपये राज्याचा जीएसटी लागतो. सप्टेंबर 2025 मध्ये ट्रॅक्टर आणि ठिबक संचावरचा कर 12 वरून 5 टक्क्यांवर आला, हे चांगलेच झाले. रासायनिक कीटकनाशकांवरचा 18 टक्के कर मात्र तसाच राहिला. कारखानदार खरेदीवर भरलेला कर विक्रीवरच्या करातून वळता करून घेतो. शेतकऱ्याची जीएसटी नोंदणीच नसते, त्यामुळे त्याला ती वजावट मिळत नाही, आणि कापसाचा भाव त्याच्या हातात नसल्याने हा कर भावात चढवून पुढे ढकलणेही त्याला जमत नाही. तो त्याच्याच खर्चात मुरतो. डिझेलवरचे उत्पादन शुल्क आणि व्हॅट वेगळेच.

आता आयकर. पाच एकर कोरडवाहूत एकरी आठ क्विंटल कापूस झाला आणि सगळा लांब धाग्याच्या कापसाच्या 2025-26 मधल्या क्विंटलला 8,110 रुपये हमीभावाने गेला असे धरले, तरी 3,24,400 रुपये येतात. बियाणे, खत, फवारणी, निंदण, वेचणी यांतला एक रुपयाही वजा न करता ही रक्कम नव्या करप्रणालीतल्या चार लाखांच्या करमुक्त मर्यादेखालीच राहते. शेती उत्पन्नाच्या नावाखाली काळा पैसा पांढरा करणाऱ्यांना जरूर पकडावे. मात्र शेती उत्पन्नावर कर लावण्याचा अधिकार संविधानाने राज्यांना दिला आहे, हेही या मजकुरात कुठे नाही.

बाजार खुला करण्याचा अनुभव तर आमच्या भागाने ताजाच घेतला आहे. परदेशी कापसावर 2021 मध्ये 11 टक्के आयात शुल्क लागू झाले होते. अमेरिकेने भारतीय मालावर 50 टक्क्यांपर्यंत शुल्क लावले तेव्हा कापड उद्योगाला दिलासा म्हणून केंद्राने कापसावरचे हे आयात शुल्क 19 ऑगस्ट 2025 पासून माफ केले आणि नंतर ही माफी 31 डिसेंबरपर्यंत वाढवली. गिरण्यांची अडचण खरी होती, हे मला मान्य आहे. पण तोवर आमच्याकडे पेरणी उरकून पराटीला (कापसाच्या झाडाला) पात्या-फुले लागली होती आणि परदेशी कापूस स्वस्तात येऊ देणारी ही माफी नेमकी वेचणीच्या हंगामात चालू राहिली. ज्याने जूनमध्ये 11 टक्के शुल्क गृहीत धरून कापूस लावला, त्याला ऑगस्टमध्ये पीक बदलता येत नाही.

पगारदारांची तक्रार खोटी नाही. तिचा रोख मात्र चुकला आहे. भांडवल कमी कराच्या देशात निघून जाते, म्हणून देशोदेशी कंपनी कर उतरत गेले. आपल्याकडे 2019 मध्ये तो 22 टक्के आणि नव्या कारखान्यांसाठी 15 टक्के झाला. ही चढाओढ थांबवण्यासाठी 2021 मध्ये 130 हून अधिक देशांना किमान 15 टक्के कंपनी कराची मर्यादा मान्य करावी लागली. पगार आणि जमीन देश सोडून जाऊ शकत नाहीत, त्यामुळे उरलेला भार पगारदार आणि शेतकरी या दोघांवरच येतो. सुधारणा करायचीच असेल, तर कीटकनाशकांवरचा कर 5 टक्क्यांवर आणावा आणि कापसाच्या आयात शुल्कातला कोणताही बदल पेरणीपूर्वी, मे महिन्याच्या आत जाहीर करून तो हंगामभर कायम ठेवावा.