५० पैशांचं कार्डच बरं

हाताने पोस्टकार्डं करण्याबद्दलचा एक लेख वाचला. कार्डाला जाड वॉटरकलर पेपरच हवा, हे त्यातलं वाक्य काही पटलं नाही. मी पोस्टातलं ५० पैशांचं पिवळसर कार्डच घेते. ओला रंग लावला की ते पापडासारखं वळतं, हे खरं. म्हणून बॉलपेन आणि रंगीत पेन्सिली, बास. जेल पेन नकोच. गेल्या पावसाळ्यात भाचीला कोल्हापूरच्या रंकाळा तलावातला संध्यामठ काढून पाठवला, तर वाटेत शाई फुटून सगळा निळा चिखल. तिचा मेसेज आला, "मावशी, मठ कुठाय?" (पावसाळ्यात तो खरोखरच बुडतो म्हणा.)

आणि कार्ड 'खास त्या माणसासाठी' करा, असं लेखात म्हटलंय, पण ते म्हणजे नुसतं वर नाव घालणं नव्हे. आत्याच्या कार्डावर मी तिच्या जुन्या घराचा जिना काढला, तिसरी पायरी मोडकीच ठेवून. तिचा फोन आला तो त्या पायरीबद्दलच.