प्रतिनायक आणि खलनायक : एका आक्षेपाला उत्तर

महोदय,

प्रतिनायकालाही स्वतःची बाजू असावी, असे मी लेखात म्हटले होते. त्यावर आपला आक्षेप असा, की हे अलीकडचे खूळ असून दुष्टाला समजून घेत बसल्यास नायकाच्या विजयाला किंमत उरत नाही. आधारासाठी आपण ‘दशरूपक’ या नाट्यशास्त्रावरच्या संस्कृत ग्रंथातली व्याख्या दिली आहे : लोभी, धीरोद्धत (धीट पण उद्धट), ताठर, पापी आणि व्यसनी असा शत्रू म्हणजे प्रतिनायक.

व्याख्या बिनचूक आहे, आणि ‘खलनायक’ व ‘प्रतिनायक’ हे शब्द मी एकाच अर्थाने वापरले, ही चूकही मला मान्य आहे. मात्र दशरूपककार धनंजयाची ही दहाव्या शतकातली व्याख्या रावण-दुर्योधनांना जशी चपखल बसते, तशी विशाखदत्ताच्या ‘मुद्राराक्षस’ या संस्कृत नाटकातल्या राक्षस नावाच्या पात्राला बसते का, हे पाहावे. नंदांचा हा अमात्य चंद्रगुप्तावर विषकन्या पाठवतो, त्याच्या शयनगृहात मारेकरी दडवतो (भिंतीच्या फटीतून अन्नाचे कण घेऊन निघालेल्या मुंग्या पाहून चाणक्य ते ओळखतो). म्हणजे विरोधात तो कुठेही उणा नाही. पण हे सारे तो करतो ते ज्याचा वंशही उरलेला नाही अशा धन्यासाठी, आणि नेमकी हीच निष्ठा चाणक्याला चंद्रगुप्ताच्या पदरी हवी आहे.

सहाव्या अंकातला जीर्णोद्यानाचा प्रसंग आठवावा. मित्र चंदनदासाला वधस्थानाकडे नेत आहेत हे कळताच राक्षस तलवार उपसतो. तेव्हा गळफास घेण्याचे सोंग केलेला चाणक्याचा माणूस त्याला सांगतो, की शस्त्रधारी कोणी येताना दिसला, तर मारेकरी कैद्याला वाटेतच संपवतात. राक्षस तलवार टाकतो आणि मित्राच्या बदल्यात स्वतःचा जीव देण्यासाठी निःशस्त्र निघतो. पुढच्या अंकात चाणक्याची अटही शस्त्राचीच आहे : चंदनदास जिवंत हवा असेल, तर चंद्रगुप्ताच्या अमात्यपदाचे शस्त्र हाती घ्यावे.

यात चाणक्याचा विजय उणावतो, असे मला वाटत नाही. राक्षस नुसता लोभी असता, तर एवढे हेर, बनावट पत्र आणि त्यावर उमटवलेली राक्षसाची मुद्रा कशाला लागली असती? मोहरांची एक थैली पुरली असती.

मालिकांमधल्या भुवया उडवणाऱ्या खलनायिकांविषयी आपण जे लिहिले आहे, त्यावर मात्र आपले एकमत आहे. कीचकाला बाजू द्यावी, असेही मी म्हणणार नाही. तिथे आपली व्याख्या पुरेशी आहे.