चौथाई देणाऱ्या घरातून

२०२५ साली एनसीईआरटीच्या आठवीच्या पुस्तकात मराठा साम्राज्याच्या नकाशात जैसलमेर आत दाखवलं गेलं. तिथल्या माजी राजघराण्यातून आक्षेप आला आणि आमच्या पंचवटीच्या घरच्या ग्रुपवर भांडण जुंपलं. धाकटे काका म्हणाले, रेघ बोटभर जरी मागे घेतली तरी पूर्वजांचा अपमान. मावसभाऊ म्हणाला, साम्राज्य कसलं, सरदारांची मोट होती ती.

मी चौदा वर्षं इंग्लंडात लीड्समध्ये आहे. इथे कोणी भलतंच वागलं की म्हणतात, 'डुलाली झालाय'. हा शब्द आपल्या देवळालीचा. मुदत संपलेले गोरे सोल्जर देवळालीच्या छावणीत बोटीची वाट बघत पडून असायचे. बोटी थंडीतच सुटायच्या, तोवर कित्येकांची डोकी फिरायची. ऑफिसात मी हे सांगितलं तेव्हा सगळ्यांना मोठी गंमत वाटली. माझे पणजोबा त्या छावणीला भाजी पुरवायचे. गावाशेजारच्याच जमिनीवर पाऊल टाकायला त्यांना पास लागायचा, आणि तो कोणाला द्यायचा हे ठरवणाऱ्याला जाब विचारायची सोय नव्हती.

माझ्या लेखी साम्राज्य म्हणजे हे. त्याचा आकाराशी संबंध नाही. पोर्तुगाल महाराष्ट्राच्या एक तृतीयांशही नाही, तरी १९६१ पर्यंत आपल्या शेजारचं दमण त्याच्या ताब्यात होतं. एका सत्तेखाली दोन प्रकारची माणसं असतात, एकांसाठी राज्य चालतं आणि दुसऱ्यांकडून वसूल होतं, तिथे साम्राज्य सुरू होतं.

आपल्या जुन्या कारभाऱ्यांना हा फरक पक्का ठाऊक होता. १७१९ साली बाळाजी विश्वनाथांनी दिल्लीहून सनदा आणल्या त्या तीन: स्वराज्याची, चौथाईची आणि सरदेशमुखीची. स्वराज्य म्हणजे शिवछत्रपतींचा मुलूख, तिथली रयत आपली, तिची जबाबदारीही आपली. चौथाई दख्खनच्या सहा सुभ्यांवर, म्हणजे महसुलाचा चौथा हिस्सा; सरदेशमुखी म्हणजे त्यावर आणखी दहावा. मूळ सनदांतही जे वेगळं होतं ते आपण आज एकाच भगव्या रंगात रंगवतो.

पुढे चौथाई बंगालपर्यंत गेली. नागपूरकर भोसल्यांच्या दहा वर्षांच्या स्वाऱ्यांनंतर १७५१ साली बंगालचा नवाब अलीवर्दीखान याने वर्षाला बारा लाख कबूल केले. माझी शेजारीण बंगाली आहे. एकदा ती लेकीला झोपवत होती. अंगाईत 'बर्गी' शब्द आला म्हणून मी अर्थ विचारला. बर्गी आले, पाखरांनी धान खाल्लं, आता सारा कुठून भरायचा, असं ती आई विचारते. बर्गी म्हणजे आपले बारगीर, मराठा फौजेतले घोडेस्वार. शेजारणीने हे अगदी सहज सांगितलं. मला मात्र मान वर करवेना.

आमच्या पांडवलेणीत तिसऱ्या लेण्यात गौतमी बलश्रीचा, म्हणजे सातवाहन राजा गौतमीपुत्र सातकर्णीच्या आईचा, लेख आहे. माझ्या मुलाच्या घोड्यांनी तीन समुद्रांचं पाणी प्यायलं, असं ती आई अभिमानाने कोरून ठेवते. शाळेच्या सहलीत तो लेख बघताना माझीही छाती फुगली होती, आणि ती फुगूच नये असं मी आजही म्हणणार नाही. पण आईच्या तोंडचा इतिहास मला तेवढाच माहीत होता.

म्हणून काकांना लिहिलं: काका, रेघ कुठवर न्यायची ते कागदपत्रं ठरवतील, जैसलमेरचंही. पण तुमची नात यंदा आठवीत आहे. तिच्या नकाशात स्वराज्याचा रंग वेगळा हवा आणि चौथाईचा वेगळा. दुसऱ्या रंगातल्या घरांनी काय सोसलं, तेही त्याच पानावर हवं.