ताप नसलेली रजा

मार्चअखेर कशीबशी पार पडली आणि एप्रिलच्या दुसऱ्या आठवड्यात माझी वाचाच बसली. सर टेबलापाशी आले, एका पार्टीची बाकी विचारली. आकडा समोर स्क्रीनवर, 4,37,250. दिसतोय, कळतोय, पण तोंडातून शब्द फुटेना. डोक्यावर ट्यूबलाइटची गुणगुण, शेजारच्या टेबलावर कुणीच न उचललेला फोन. मी आकड्यावर बोट ठेवलं आणि उठून बाथरूममध्ये जाऊन उभी राहिले.

डॉक्टरांनी 12 दिवसांची रजा लिहून दिली. ऑटिझम हा आजार नव्हे, मी जन्मापासूनच अशी आहे. मला ते 34व्या वर्षी कळलं एवढंच. पण चारचौघींसारखं दिसायची कसरत वर्षानुवर्षं केल्यावर जो थकवा आणि डिप्रेशन येतं, त्याला औषधपाणी लागतं. (जाता जाता: ऑटिझम असलेल्यांना 'स्वमग्न' हा शब्द कुणी काढला कोण जाणे. स्वतःत मग्न व्हायला मिळालं असतं तर आणखी काय हवं होतं! इथे सगळी डोंबिवली फास्ट कानातून आत शिरते.)

ऑफिसला मी काय कळवलं? व्हायरल.

मला खोटं बोलता येत नाही, म्हणजे बोललं की ते निभावत बसावं लागतं. फोन आला की घसा बसल्यासारखा आवाज. गॅलरीत जायचं नाही, समोरच्या विंगेत ऑफिसातली एकजण राहते. दूध आणायला खाली उतरले तर वॉचमनकाका म्हणाले, "काय ताई, आज सुट्टी?" आणि मी चक्क खोकले. आई दर दोन तासांनी कपाळाला हात लावायची. "अगं, ताप तर नाहीये." हे ती काळजीनं म्हणायची, मला ते उलटतपासणीसारखं ऐकू यायचं. एरवी मी ऑफिसात बरी असल्याचं सोंग करते, आता घरी आजारी असल्याचं. विश्रांती यात बसवायची कुठे?

काही वर्षांपूर्वी टायफॉइड झाला होता तेव्हा याच ऑफिसातून मोसंबी आली होती. तीन आठवडे घरी होते, एका दिवसाचीही खंत वाटली नव्हती. रिपोर्ट होता ना!

सातव्या दिवशी मी राणीच्या बागेत गेले. दुपारची गाडी, खिडकीची जागा, भायखळ्याला उतरले. पेंग्विनांकडे फिरकले नाही, तिथे शाळांच्या सहली असतात. गोरखचिंचेचा तो अवाढव्य बुंधा लांबून बघत तासभर बाकावर बसले. बोटं आपोआप हलायला लागली, माझी हलतात तशी, आणि मी ती दाबली नाहीत. कितीतरी दिवसांनी बरं वाटलं. आणि बरं वाटल्याबरोबर पोटात गोळा: ओळखीच्या कुणी बघितलं तर? आजारी बाई बागेत हसत बसलीये!

माझं म्हणणं एवढंच आहे, की हा अपराधीपणा रजेचा नाहीच. आजारी *दिसत* नसल्याचा आहे. ताप आलेल्यानं झोपून राहावं तसं माझ्यासारखीनं शांत झाडाखाली बसावं, हाच तो उपचार. पण तो लोकांना मजा करण्यासारखा दिसतो, आणि माझ्या डोळ्यांनाही तसाच दिसतो, ही खरी पंचाईत.

कायदा कधीच पुढे गेलाय. 1995च्या अपंग कायद्यात ऑटिझमचं नावही नव्हतं, 2016च्या कायद्यात ते 21 प्रकारांत आहे. 2017च्या मानसिक आरोग्य कायद्यानं विमा कंपन्यांनाही बजावलंय, की मानसिक आजाराला शारीरिक आजाराच्या बरोबरीनं धरा. मी दोन्ही कायदे कलमांसकट वाचलेत (मी असलं वाचते). पण कपाळाला हात लावणारी आई आता माझ्याच डोक्यात मुक्कामाला आहे, तिला कुठलं कलम दाखवू?

ऑगस्टमध्ये परत तीन दिवस लागले. या वेळी अर्जात लिहिलं, 'वैद्यकीय कारणास्तव', सोबत डॉक्टरांची चिठ्ठी. बस. कुणी काही विचारलं नाही. अपराधी वाटलंच, पण खोकावं लागलं नाही.

पहिल्या सकाळी आईनं कपाळाला हात लावला नाही. दार लोटून घेतलं. मला त्रास नको म्हणून मिक्सरही लावला नाही, चटणी खलबत्त्यात कुटली. खलबत्त्याचा दणका मिक्सरहून वाईट असतो. मी उशी कानावर घेतली आणि तिला काही बोलले नाही.