मंगळ गोठलेला आहे, म्हणून कार्बन डायऑक्साइड निर्दोष ठरत नाही

गेली काही वर्षं एक मजकूर सतत फिरतो आहे. त्याचा सारांश असा: मंगळाच्या हवेत 95 टक्के कार्बन डायऑक्साइड आहे, तरी तो ग्रह गोठलेला. शुक्र तापलेला आहे तो सूर्याजवळ असल्यामुळे आणि तिथल्या हवेच्या प्रचंड दाबामुळे. शिवाय मंगळावरचा बर्फही कमी होतो आहे, म्हणजे सगळी करणी सूर्याची. तेव्हा पृथ्वीच्या तापमानवाढीशी या वायूचा संबंध नाही.

यातले काही आकडे खरे आहेत, आणि म्हणूनच तो वाचणाऱ्याला पटतो. निष्कर्ष मात्र साफ चुकीचा आहे.

“तापमान ठरतं ते सूर्यापासूनच्या अंतरावर”

हे तपासायला चंद्रासारखा साक्षीदार नाही. तो आणि पृथ्वी सूर्यापासून जवळजवळ सारख्याच अंतरावर आहेत. चंद्राची जमीन काळपट आहे. पडलेल्या प्रकाशापैकी जेमतेम 12 टक्के ती परत फेकते. पृथ्वी ढगांमुळे आणि बर्फामुळे सुमारे 30 टक्के परत फेकते. म्हणजे दर चौरस मीटरला चंद्र आपल्यापेक्षा जास्त ऊन शोषतो. तरी त्याच्या विषुववृत्तावर भर दुपारी सुमारे 120 अंश सेल्सिअस आणि रात्र सरताना उणे 170 च्याही खाली.

ही घसरण किती झपाट्याने होते ते 1927 च्या चंद्रग्रहणात दिसलं. एडिसन पेटिट आणि सेथ निकोल्सन यांनी माउंट विल्सन वेधशाळेतून चंद्राची उष्णता मोजली. पृथ्वीची सावली सरकत आली तसं पृष्ठभागाचं तापमान थोड्याच वेळात दीडशे अंशांहून अधिक उतरलं. 1967 मध्ये सर्व्हेयर 3 हे यान चंद्रावर उभं असतानाच ग्रहण लागलं, तेव्हा हीच घसरण तिथून नोंदवता आली. पुढे अपोलो 15 आणि 17 च्या अंतराळवीरांनी जमिनीत तापमापक रोवले. सुमारे एक मीटर खाली, जिथे दिवस-रात्रीचा फरक पोचत नाही, तिथे कायम उणे 20 अंशांच्या आसपास तापमान आढळलं. पृथ्वीची सरासरी आहे 15. उष्णता अडवणारी हवा नसती, तर आज शोषते तेवढ्याच उन्हावर पृथ्वीची सरासरी फार तर उणे 18 अंशांपर्यंत गेली असती.

आता शुक्र. त्याच्यावर पृथ्वीच्या जवळपास दुप्पट ऊन पडतं, हे खरं. पण त्याचे दाट ढग त्यातलं सुमारे तीन-चतुर्थांश परत फेकतात, त्यामुळे तो प्रत्यक्षात पृथ्वीपेक्षा कमी ऊन शोषतो! तरी त्याची जमीन सुमारे 465 अंशांवर आहे. बुध सूर्याच्या कितीतरी जवळ असून त्याच्या दुपारी 430 अंशांच्या आसपासच थांबतात, आणि रात्री उणे 180 पर्यंत उतरतात. शुक्रावर सूर्योदय ते सूर्योदय 117 पृथ्वीदिवस लागतात, म्हणजे रात्र जवळपास दोन महिन्यांची. एवढ्या रात्रीतही तिथली जमीन निवत नाही. केवळ अंतराने याचा उलगडा होत नाही.

हे शास्त्रज्ञांनीही सहजासहजी मानलं नव्हतं. 1956 मध्ये शुक्राकडून येणाऱ्या रेडिओलहरींवरून तीनशे अंशांच्या वरचं तापमान निघालं, तेव्हा त्या लहरी वरच्या विद्युतभारित थरातून येत असाव्यात अशीही शंका घेतली गेली. डिसेंबर 1962 मध्ये मरिनर 2 हे यान शुक्राजवळून गेलं आणि ग्रहाच्या कडा मध्यापेक्षा मंद दिसल्या. उष्णता वरच्या थरातली असती तर कडा उजळ दिसायला हव्या होत्या. 1970 मध्ये व्हेनेरा 7 या यानाने प्रत्यक्ष जमिनीवरून 475 अंश कळवले, आणि वाद मिटला.

“शुक्र दाबामुळे तापला आहे”

शुक्रावरचा दाब पृथ्वीच्या सुमारे 92 पट आहे. पण हवा तापते ती दाबली जात असताना. सायकलला हवा भरताना पंप गरम होतो. भरलेलं चाक तासभर ठेवलं की निवतं. शुक्राची हवा अब्जावधी वर्षं तशीच दाबलेली आहे. उष्णता अडवणारं काही नसतं तर ती केव्हाच अवकाशात निघून गेली असती. दाबाचं महत्त्व आहेच, पण ते वेगळ्या कारणाने, आणि मंगळाचं कोडं त्यानेच सुटतं.

“मंगळावर 95 टक्के, तरी थंडी”

या मुद्द्याला बरेचदा घाईचं उत्तर दिलं जातं: मंगळाची हवा विरळ, म्हणून तिथे हा वायू मुळात कमी. हे उत्तर चूक आहे. मंगळाच्या प्रत्येक चौरस मीटरवर साधारण 155 किलो कार्बन डायऑक्साइड आहे, पृथ्वीवर सहा-सात किलो. म्हणजे मंगळावर वीसपटीहून जास्त! दावा करणाऱ्याला हा आकडा सापडला तर त्याला तो आपलाच विजय वाटेल, म्हणून खरं कारण नीट समजून घ्यायला हवं.

तापलेली जमीन आपली उष्णता डोळ्यांना न दिसणाऱ्या अवरक्त किरणांच्या रूपात बाहेर टाकते. कार्बन डायऑक्साइडचे रेणू या किरणांतल्या ठराविक तरंगलांबीच शोषतात. दाब जास्त असला की रेणू एकमेकांवर सतत आदळतात, आणि प्रत्येक रेणूचा शोषणाचा पट्टा रुंदावतो. मंगळावरचा दाब पृथ्वीच्या एक टक्क्याहूनही कमी आहे. तिथे हे पट्टे अरुंद राहतात आणि मधल्या फटींतून उष्णता निसटते. पृथ्वीवर उरलेल्या बऱ्याच फटी पाण्याची वाफ बुजवते, आणि हवा तापली की ही वाफ आणखी वाढते. मंगळावर ती जवळजवळ नाहीच. त्यात मंगळाला पृथ्वीच्या 43 टक्केच ऊन मिळतं. या सगळ्यामुळे तिथला हरितगृह परिणाम, म्हणजे हवेने उष्णता अडवल्यामुळे होणारी वाढ, अवघा पाचेक अंशांचा भरतो. तो कमी आहे, पण शून्य नाही, आणि भौतिकशास्त्राच्या हिशेबातून तेवढाच निघतो. ज्या हिशेबाने मंगळ थंड ठरतो, त्याच हिशेबाने शुक्र भट्टी ठरतो.

शुक्राकडे एवढा वायू आला कुठून? पृथ्वीवरही त्याच तोडीचा कार्बन आहे, पण आपला बहुतेक चुनखडीसारख्या खडकांत बंद आहे. त्यासाठी लागणारं पाणी शुक्राने गमावलं.

“मंगळावरचा बर्फही घटतो आहे”

मार्स ग्लोबल सर्व्हेयर यानाने 1999 आणि 2001 मध्ये घेतलेल्या छायाचित्रांत दक्षिण ध्रुवावरच्या कोरड्या बर्फातले (म्हणजे गोठलेल्या कार्बन डायऑक्साइडमधले) खड्डे काही मीटरने रुंदावलेले दिसले. निरीक्षण पक्कं आहे, पण ते एका ध्रुवाच्या एका भागाचं. मंगळाची कक्षा इतकी लंबगोल आहे की सूर्याजवळ असताना त्याला दूर असतानापेक्षा जवळपास दीडपट ऊन मिळतं. त्यात अख्खा ग्रह झाकून टाकणारी धुळीची वादळं असतात, 1971 मध्ये मरिनर 9 हे यान पोचलं तेव्हा होतं तशी. एवढ्या चढउतारांतून दोन-तीन वर्षांच्या छायाचित्रांवरून सूर्य तापल्याचा निष्कर्ष निघत नाही.

आणि सूर्य आपण थेट मोजतो. 1978 पासून उपग्रह त्याच्या ऊर्जेवर नजर ठेवून आहेत. अकरा वर्षांच्या चक्रात ती सुमारे 0.1 टक्क्याने वरखाली होते. तापमानवाढीशी जुळणारी सलग चढण तिच्यात नाही. सूर्यच कारण असता तर स्थितांबर, म्हणजे वातावरणाचा ढगांच्या वरचा थर, तेही तापायला हवं होतं. प्रत्यक्षात जमिनीलगतची हवा तापते आहे आणि स्थितांबराचे वरचे थर थंड होत आहेत. कार्बन डायऑक्साइड वाढला तर हेच घडेल, हे स्युकुरो मानाबे आणि रिचर्ड वेदरल्ड यांनी 1967 मध्ये गणिताने मांडून ठेवलं होतं.