‘निव्वळ स्वार्था’मागची माणसे

अमेरिकेचे परराष्ट्र धोरण म्हणजे निव्वळ नफ्यातोट्याचा हिशेब, असे ठासून सांगणारा एक मजकूर मराठी वाचकांच्या गटांत बराच काळ फिरतो आहे. त्यात चार विधाने आहेत: अमेरिका फक्त व्यापार आणि सत्ता पाहते, वंशभेद हा तिचा घरगुती प्रश्न असून परराष्ट्र धोरणाशी त्याचा संबंध नाही, स्त्री-पुरुष समतेची भाषा केवळ तोंडी लावण्यापुरती असते, आणि अध्यक्ष कोणीही आला तरी धोरण बदलत नाही. पुराव्यादाखल १९७१ चे बांगलादेश युद्ध पुढे केले जाते. मजकुराचा रोख भाबडेपणाविरुद्ध आहे आणि तेवढ्यापुरता तो मला मान्य आहे. लोकशाहीचा जप करीत अमेरिकेने अनेक हुकूमशहांना पोसले, हे कोणी नाकारू शकत नाही. परंतु देशाचा स्वार्थ कशात आहे हे शेवटी काही माणसे ठरवतात, आणि त्यांना आपले पूर्वग्रह चपलांसारखे उंबऱ्याबाहेर काढून ठेवता येत नाहीत.

व्यापारच सर्व काही ठरवतो असे म्हणणाऱ्यांनी कॅरिबियन समुद्रातील हैती या पूर्वीच्या फ्रेंच वसाहतीचे काय करायचे ते सांगावे. तेथील गुलामांनी फ्रेंच सैन्याचा पराभव करून १ जानेवारी १८०४ रोजी स्वातंत्र्य जाहीर केले. अमेरिकी व्यापारी हैतीशी व्यवहार करीत होतेच. स्पेनपासून फुटलेल्या लॅटिन अमेरिकी देशांना अमेरिकेने १८२२ पासून मान्यता देण्यास सुरुवात केली, खुद्द फ्रान्सने जबर भरपाई लादून १८२५ मध्ये हैतीला मान्यता दिली, तरीही अमेरिकेची मान्यता यायला १८६२ साल उजाडावे लागले. दक्षिणेकडील गुलाममालकांच्या प्रतिनिधींना बंडखोर गुलामांच्या राष्ट्राचा राजदूत वॉशिंग्टनमध्ये मानाने वावरताना पाहवणार नव्हते, आणि यादवी युद्धामुळे ते प्रतिनिधी काँग्रेसमधून बाहेर पडल्यावरच लिंकन यांच्या काळात हा अडसर दूर झाला. ज्या वर्गाला गुलामगिरी टिकवायची होती त्याच्या दृष्टीने हाही स्वार्थच होता, असे कोणी म्हणेल. बरोबर आहे, पण मग तो स्वार्थ वंशाच्या कल्पनेतूनच घडलेला होता हेही मान्य करावे लागेल.

मेक्सिकोचे उदाहरण याहून बोलके आहे, कारण तेथे वर्णद्वेषाने साम्राज्याला वेसण घातली. मेक्सिकोशी चाललेल्या युद्धात सप्टेंबर १८४७ मध्ये अमेरिकी सैन्य मेक्सिको सिटीत शिरले होते आणि संपूर्ण देशच ताब्यात घ्यावा, अशी मागणी जोर धरत होती. ४ जानेवारी १८४८ रोजी सिनेटमध्ये गुलामगिरीचे कट्टर समर्थक जॉन कॅलहून यांनी तिला विरोध केला. आमचे सरकार हे गोऱ्या वंशाचे सरकार आहे, त्यात इंडियन (म्हणजे अमेरिका खंडातील मूलनिवासी) आणि मिश्र वंशाच्या लोकांना सामावून घेता येणार नाही, असा त्यांचा युक्तिवाद होता. पुढच्या महिन्यात झालेल्या तहात अमेरिकेने विरळ वस्तीचा उत्तर भाग घेतला. यामागे इतर कारणेही होती, पण हे कारण सिनेटमध्ये उघडपणे मांडले गेले, हे विसरता येत नाही.

वंशभेद घरगुती आहे, हे दुसरे विधान तर खुद्द अमेरिकी सरकारनेच खोडून काढले आहे. शाळांतील वर्णभेदाच्या खटल्यात न्याय खात्याने १९५२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाला लेखी सांगितले की, या भेदामुळे परराष्ट्र संबंधांना हानी पोहोचते आणि कम्युनिस्टांच्या प्रचाराला दारूगोळा मिळतो. ती हानी भारतीयांनी प्रत्यक्ष पाहिली. १९५५ मध्ये ह्यूस्टनच्या विमानतळावरील उपाहारगृहात भारताचे राजदूत गगनविहारी मेहता यांना रंगामुळे वेगळे बसण्यास सांगण्यात आले, आणि परराष्ट्रमंत्री डलेस यांना दिलगिरी व्यक्त करावी लागली.

तिसऱ्या विधानात अर्धे तथ्य आहे. अफगाणिस्तानात बाँबहल्ले सुरू असताना नोव्हेंबर २००१ मध्ये अध्यक्ष जॉर्ज डब्ल्यू. बुश यांच्या पत्नी लॉरा बुश यांनी रेडिओवरून तेथील स्त्रियांच्या मुक्तीबद्दल भाषण केले; मात्र स्त्रियांविरुद्धचे भेदभाव नष्ट करण्याच्या ज्या आंतरराष्ट्रीय करारावर अमेरिकेने १९८० मध्येच सही केली होती, त्याला सिनेटने आजवर संमती दिलेली नाही. तोंडी लावण्याचा आरोप येथे लागू पडतो. पण लिंगभावाचा प्रश्न भाषणांपुरता नसतो. निर्णयाच्या खोलीत कोण बसू शकते, हाही तोच प्रश्न आहे. १९५० च्या दशकात समलैंगिक असल्याच्या संशयावरून परराष्ट्र खात्यातील शेकडो माणसांना काढून टाकण्यात आले, आणि १९७० च्या दशकाच्या आरंभापर्यंत स्त्री राजनैतिक अधिकाऱ्याला लग्न केल्यावर नोकरी सोडावी लागत असे.

आता १९७१. चीनशी संधान बांधण्यासाठी अध्यक्ष निक्सन यांना पाकिस्तानची गरज होती, हे निर्विवाद आहे. पण ६ एप्रिलला ढाक्यातील अमेरिकी वाणिज्यदूत आर्चर ब्लड आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी पाकिस्तानी लष्कराच्या अत्याचारांवर गप्प बसणाऱ्या स्वतःच्याच सरकारच्या निषेधाची तार पाठवली, दिल्लीतील अमेरिकी राजदूत केनेथ कीटिंग यांनीही विरोध केला. ही सर्व माणसे अमेरिकेचेच हित पाहत होती, आणि त्यांना ते वेगळे दिसत होते. जुलैमध्ये निक्सन यांचे राष्ट्रीय सुरक्षा सल्लागार किसिंजर गुपचूप बीजिंगला जाऊन आले, थेट संपर्क जुळला, आणि तरीही डिसेंबरमध्ये भारतावर दबाव आणण्यासाठी अमेरिकी विमानवाहू नौका ‘एंटरप्राइज’ बंगालच्या उपसागरात आली. चीनला आपला भरवसा वाटावा म्हणून हे आवश्यक होते, असा किसिंजर यांचा बचाव आहे आणि तो अगदीच टाकाऊ नाही. मात्र व्हाइट हाऊसमधील संभाषणांच्या ध्वनिफितींत निक्सन इंदिरा गांधींना म्हातारी चेटकीण म्हणतात, भारतीय स्त्रियांच्या रूपाविषयी इथे लिहिण्याजोगे नाही असे बोलतात, किसिंजर भारतीयांना शिव्या देतात. या द्वेषामुळेच नौका निघाली असे मी म्हणणार नाही. ढाक्याहून आलेल्या तारा वाचणारे डोळे मात्र हेच होते, आणि ब्लड यांची ढाक्याहून उचलबांगडी झाली.

धोरण बदलत नाही, या चौथ्या विधानाला एकच उदाहरण पुरे. गर्भपाताची सेवा किंवा माहिती देणाऱ्या परदेशी संस्थांना, ते काम त्या स्वतःच्या पैशातून करीत असल्या तरी, कुटुंबनियोजनाची अमेरिकी मदत मिळणार नाही, असा नियम रेगन प्रशासनाने १९८४ मध्ये मेक्सिको सिटीतील लोकसंख्या परिषदेत जाहीर केला. त्यात ना तेल आहे, ना लष्करी तळ. क्लिंटन यांनी तो १९९३ मध्ये रद्द केला, बुश यांनी २००१ मध्ये परत आणला, ओबामा यांनी २००९ मध्ये काढला, ट्रम्प यांनी २०१७ मध्ये पुन्हा लावला, बायडेन यांनी २०२१ मध्ये उठवला आणि ट्रम्प यांनी २०२५ मध्ये पुन्हा लागू केला. सहाही वेळा महिना जानेवारीचा होता, आणि शपथविधीला दहा दिवसही उलटलेले नव्हते.